थोरल्याचं गाऱ्हाणं

लढाईत वाटली नसेल इतकी भीती मला जोगेश्वरीला आमच्या चाळीत, सुट्टीवर असताना वाटली. हे सांगितलं की लोक हसतात. फौजेतला माणूस आणि म्हणे घरी येऊन घाबरला. हसू देत. ज्यांनी घाबरून कधी घरचं जेवण घशाखाली ढकललेलं नाही, त्यांना हसायला काय जातंय.

आम्ही दोघे भाऊ. दादा माझ्याहून मोठा. वडील गिरणीत होते. संप झाला, गिरणी पुन्हा उघडलीच नाही, आणि उभा जन्म कापड विणायच्या साच्यावर काढलेला माणूस पार्ल्याला एका सोसायटीच्या दाराशी वॉचमन म्हणून बसला. तिथेच खुर्चीत गेला. सोसायटीवाल्यांना वाटलं झोपलाय, म्हणून त्यांनी सेक्रेटरीकडे तक्रारही केली. मला त्या सोसायटीचा राग अजून आहे. असो.

दादा तोवर फौजेत भरती झाला होता. त्याच्या मागोमाग मी. फौजेत एक रीत आहे. सख्खा भाऊ भरती झाला तर त्याला आपल्या पलटणीत मागून घेता येतं. दादाने मला मागून घेतलं. आईला इतका आनंद झाला की तिने चाळभर साखर वाटली. "एकमेकांका सांभाळा," म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर दोन भाऊ एका डब्यातून जेवतायत, असं काहीतरी चित्र होतं.

सत्त्याऐंशीचा पावसाळा सरला आणि आमची पलटण श्रीलंकेत गेली. शांतिसेना म्हणून गेलो आणि पंधरवडा व्हायच्या आत कुणाच्याही तोंडी शांती हा शब्द उरला नाही. आमच्या साहेबांनी तिथे पाय ठेवताच आम्हा दोघांना वेगवेगळ्या तुकड्यांत टाकलं. एका घरचे दोघे एका गस्तीवर जायचे नाहीत, असा त्यांचा कायदा. साहेब शहाणा माणूस. एका आईला दोन तारा एकदम जाऊ नयेत एवढं त्याने बघितलं. पण त्यामुळे झालं काय, की दादा बाहेर असला की मी तळावर, आणि मी बाहेर असलो की तो तळावर. बाहेर असताना माणूस घाबरतो, पण त्याला काम असतं. पाय कुठे ठेवायचा, सुरुंगाची तार कुठे दिसतेय का, पुढच्याच्या पाठीपासून किती लांब चालायचं. तळावर बसलेल्याला काहीच काम नसतं. तो नुसता घाबरतो.

आता गाऱ्हाण्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही मालवणकडचे. आमच्यात देवाला काही मागायचं तर मोठ्याने, सगळ्यांसमोर, उभं राहून मागतात. घरातला थोरला पुरुष बोलतो, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक सांभाळ म्हाराजा," आणि त्याच्या मागे उभे असलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा." हे गाऱ्हाणं. मागणं एकाचं आणि त्याला होकार सगळ्यांचा. थोरला असताना धाकट्याने गाऱ्हाणं घालायचं नाही. वडील तापाने फणफणले होते त्या वर्षी त्यांना खुर्चीत बसवून चाळीमागच्या पिंपळाखाली नेलं, पण दादाला तोंड उघडू दिलं नाही. धाकट्याने गाऱ्हाणं घातलं की त्याचा अर्थ एकच, थोरला गेला. मोठ्या माणसाचा मान वगैरे आहेच, पण आतली भीती ही. आपण तोंडाने बोललो तसं व्हायचं.

वडील गेल्यावर तो मान दादाकडे आला आणि तो त्याने तिथे लढाईतही सोडला नाही. गस्तीला निघायच्या आधी तंबूमागे टोपी घालून उभा राहायचा. नारळ कुठला मिळतोय, मगभर पाणी ओतायचा आणि गाऱ्हाणं घालायचा. आमच्यातले कोकणातले तर म्हणायचेच, पण साताऱ्याकडची पोरंही "व्हय म्हाराजा" म्हणायला शिकली. त्यांचा देव कोणता, याची चौकशी कुणी करत नव्हतं.

उन्हाळ्यात सुट्ट्या सुटल्या. आमच्या दोघांपैकी एकालाच मिळणार होती. दादाने मला ढकललं. आई एकटी आहे, तू जा, मी पुढल्या खेपेला. मी निघायच्या आदल्या दिवशी त्याची तुकडी गस्तीवर गेली. सकाळपर्यंत यायला हवी होती. सकाळी मला न्यायला ट्रक उभा राहिला तरी ती आली नव्हती. वायरलेसवर त्यांचा आवाज नव्हता. मी हवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "येतील रे, तू बस. विमान तुझ्या भावासाठी थांबायचं नाही." मी बसलो. मद्रासपर्यंत आणि मद्रासहून घरापर्यंत मी काय खाल्लं, कुणाशी बोललो, मला आठवत नाही.

दारात आईने तांदूळ ओवाळून टाकले आणि पहिला प्रश्न विचारला, "दादा कसो आसा?"

"बरो आसा."

दुसरं काय सांगणार होतो? तिच्या हातात तांदूळ होते.

तिथून पुढचे दिवस मी भीतीतच काढले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या पाइपासाठी रस्ता खणून नुकताच बुजवला होता. ताजी, भुसभुशीत माती. मला तिच्यावर पाय टाकवेना. तिकडे ताज्या मातीखाली काय असतं ते मी बघितलं होतं. मी मागच्या बाजूने, डोंगर चढून, मुतारीच्या बाजूने वळसा घालून जायचो. शेजारचा म्हणायचा, "काय रे, फौजेत सरळ चालायला शिकवत नाहीत का?" मीही हसायचो. सायकलची घंटा वाजली की तारवाला आला असं वाटून हातातलं टाकून गॅलरीत यायचो. खाली वाण्याकडे टेलिफोन होता. त्या वाण्याने वर बघून नुसतं "ओ" म्हटलं तरी मी अनवाणी जिना उतरायचो. बहुतेक वेळा त्याला मागची उधारी हवी असायची.

आई रेडिओ लावायची, पण बातम्यांची वेळ झाली की बंद करायची. चाळीतलेही शहाणे झाले होते. ती गॅलरीतून निघाली की एकेका खोलीतला रेडिओचा आवाज बारीक व्हायचा. ती गेली की परत मोठा. ती तशीच मान वर करून चालायची. तिला कळत नव्हतं असं नाही.

मग दादाचं पत्र आलं. आईने ते माझ्या हातात दिलं आणि समोर बसली. मी आधी तारीख बघितली. मी निघायच्या कितीतरी आधीची. म्हणजे या पत्राला काही अर्थ नव्हता. हे लिहिणारा दादा तर मी स्वतः डोळ्यांनी बघितला होता. मला त्याच्या पुढचा हवा होता. मी वाचत गेलो. बरा आहे, जेवण बरं आहे, इथले नारळ आपल्यासारखेच आहेत. आणि शेवटी, राखण द्यायची राहिली आहे, माझी वाट बघू नका, धाकटा आला की त्याच्याकडून गाऱ्हाणं घालून घ्या.

राखण म्हणजे जागेच्या राखणदाराला वर्षातून एकदा द्यायचा मान. नारळ, कोंबडा आणि गाऱ्हाणं. गावाला ती शेताच्या बांधावर देतात. जोगेश्वरीत आम्हाला बांध कुठला, तर चाळीमागे डोंगराच्या उतारावर तो पिंपळ होता, तोच आमचा राखणदार. वडील गेल्यावर दादाने एकदा दिली होती आणि नंतर राहून गेली. दोन मुलगे लढाईवर आणि राखण चुकलेली, याने आईला झोप येत नव्हती.

पत्र ऐकून ती खूश झाली. ती लगेच चाळीतल्या आबांकडे गेली. आबा आमच्याच गावचे, वडिलांच्या बरोबरीचे, चाळीतल्या रीतिरिवाजाचं न्यायालय. त्यांनी इतके दिवस तिला अडवलं होतं. थोरला येईपर्यंत थांब, म्हणायचे. आता खुद्द थोरल्यानेच लिहून परवानगी दिली म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. रविवार ठरला. कोंबडा आला, मोरीत बांधला. तो पहाटेपासून ओरडायचा.

आई खूश होती आणि माझी वाट लागली होती. माझ्या मनात एकच होतं. दादासारखा माणूस स्वतःहून आपलं गाऱ्हाणं धाकट्याला कधी देईल? वडिलांनी तापातही दिलं नाही. म्हणजे त्याला काहीतरी कळलं होतं. आणि आता मी पिंपळाखाली उभा राहून तोंड उघडणार आणि तो जर अजून कुठे झाडीत, जखमी, जिवंत असला तर मी बोलल्याने संपणार. मी शिकलेला माणूस नाही, पण अगदी अडाणीही नव्हतो. असं काही नसतं हे मला दिवसा उजेडी कळत होतं. पण भीतीला दिवस-उजेड कळत नाही.

रविवारी सकाळी आम्ही पिंपळाखाली गेलो. आबा, चाळीतले दहा-बारा पुरुष, आणि थोड्या अंतरावर बायका. आबांनी पानाचा विडा ठेवला, नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बोल."

माझं तोंड उघडेना. आबा पुन्हा म्हणाले, "बोल रे, ऊन चढता."

मी नारळ खाली ठेवला आणि बायकांच्या बाजूला आईकडे गेलो. "आई," मी म्हटलं, "मी निघालो तेव्हा तो परत आला नव्हता. त्याची तुकडीच आली नव्हती. मी त्याला बघितलेला नाय."

"पत्र इला मां?"

"पत्र त्याच्या आधीचं आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं रडेल, ओरडेल, मला एक ठेवून देईल. तिने पदर डोक्यावर सारखा केला. आबांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, "मग आता थांबवा. थोरल्याचा काय ता कळल्याशिवाय धाकट्यान तोंड उघडूचा नाय."

"तेना स्वतः लिवल्यान आसा," आई म्हणाली. "माझ्या झिलाचो शबुद आसा तो." मग ती माझ्याकडे वळली. "घाल. आणि आयक, तुझा नाव मधी घेव नको. सगळा तेकाच माग. तू हयसर माझ्या नदरेसमोर आसस. तेका कोण नाय."

बुधवारी माझी परतीची गाडी होती. हे ती विसरली होती. खरंच विसरली होती, मुद्दाम नाही. मी समोर उभा होतो, धडधाकट, आणि जो समोर नव्हता तो तिच्या डोळ्यांत एवढा मोठा झाला होता, की मागे मी दिसत नव्हतो. मला तिचा राग आला. आणि राग आल्याची इतकी लाज वाटली, की मी मागे फिरलो आणि नारळ उचलला.

मी गाऱ्हाणं घातलं. वडिलांचे शब्द पाठ होते, ते आले. "बा देवा म्हाराजा, ह्या घरचो थोरलो लेकरू समुद्रापलीकडे गेलो आसा, तेका सांभाळ म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या वाटेर काय आडवा येयत ता बाजूक कर म्हाराजा. जसो गेलो तसो घराक घेवन ये म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

नेहमी 'ह्या घरच्या लेकरांका' असं म्हणतात. मी एकाचंच म्हटलं. आबांच्या ते लक्षात आलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण गाऱ्हाण्यात मधे बोलत नाहीत. सगळ्यांचा होकार दादाला मिळत होता. मी स्वतःच्या हाताने त्याच्यावर छत्री धरली होती आणि स्वतः बाहेर भिजत उभा होतो. त्याला सगळं मिळावं असं मला मनापासून वाटत होतं. आणि आता आपण मरणार, हेही तितकंच मनापासून वाटत होतं. दोन्ही एकदम वाटतं, यात खोटं काही नाही.

दुपारी कोंबडी-वडे झाले. आई वाढत होती. आज बऱ्याच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा रंग होता. माझ्या ताटात वडा टाकता टाकता तिने सहज विचारलं, "आता किती दिस आसस?"

"बुधवारी गाडी."

"खंय जातंस?"

"खंय म्हणजे काय आई. थंयच."

वडा तिच्या हातातच राहिला. तिने तो परत परातीत ठेवला, मग पुन्हा उचलला, माझ्या ताटात ठेवला आणि मोरीपाशी जाऊन बसली. मी म्हटलं, "अगं जेव." ती जेवली नाही. मीही फार जेवलो नाही, आणि एवढा महागाचा कोंबडा शेजारच्यांनी संपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई घरात नव्हती. शेजारणीने डोंगराकडे हात दाखवला. मी गेलो. पिंपळाखाली ती एकटी उभी होती. डोक्यावर पदर, हातात नारळ. आमच्यात बाईमाणूस गाऱ्हाणं घालत नाही. आजी नाही, पणजी नाही, कुणीच कधी घातलं नसेल. तिला ते माहीत होतं, म्हणून तर ती भरदुपारी, सगळे झोपलेले असताना आली होती. तिने आवाज जाड केला होता. वडिलांसारखा.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली, "काल माझ्याकडसून चूक झाली म्हाराजा. दोन आसत माका. दुसऱ्याचा नाव घेवचा रवला म्हाराजा. तो बुधवारी जाता. तेका पदरात घे म्हाराजा."

आणि ती थांबली. गाऱ्हाण्यात तिथे थांबायचंच असतं. तिथे मागच्यांनी होकार द्यायचा असतो. मागे कुणी नव्हतं. ती तशीच थांबून राहिली. मागणं हवेत लटकलेलं, आणि पुढे जायचं तर होकार हवा. तिच्या खांद्यांकडे बघून मला कळलं की ती आता पुढे बोलूच शकणार नाही.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

तिने मागे वळून बघितलं नाही. ती पुढचं बोलली. मी पुन्हा होकार दिला. शेवटपर्यंत तसंच. मग नारळ फोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "घराक चल, ऊन लागात."

बुधवारी गेलो. तळावर ट्रकमधून उतरलो तेव्हा दारावरच्या पहारेकऱ्याला विचारायचं धाडस झालं नाही. त्याने काही बोलू नये म्हणून मी त्याच्याकडे बघितलंही नाही. आत आलो तर दादा एका खोक्यावर बसून शर्टाचं बटण शिवत होता.

त्यांच्या वायरलेसची बॅटरी बसली होती. वाट बदलून यावं लागलं, म्हणून मी गेल्यावर दुपारी आले. बस, एवढंच. मी त्याला दोन सणसणीत शिव्या हासडल्या आणि तिथेच मातीत बसलो.

"आई कशी आहे?" त्याने विचारलं.

"बरी आहे. राखण दिली."

"गाऱ्हाणं तू घातलंस?"

"तूच लिहिलं होतंस ना."

"मी लिहिलं रे. पण तू खरंच घालशील असं वाटलं नव्हतं." तो हसला, पण ते नीट जमलं नाही. "म्हणजे मेलोच होतो की मी. आणि तुझ्यासाठी कोणी मागितलं?"

"आईने. दुसऱ्या दिवशी. एकटीने."

त्याची सुई थांबली. "आईने? मग व्हय कोण म्हणालं?"

"मी."

"येड्या, आपल्या गाऱ्हाण्याला आपणच व्हय म्हणत नाहीत. ते लागत नाही."

हे त्याने अगदी नियम सांगितल्यासारखं सांगितलं. पण बटण अर्धंच शिवून शर्ट त्याने बाजूला टाकला. मग तो उठला, टोपी घातली आणि माझ्यासमोर उभा राहिला. "आई काय काय म्हणाली ते बोल. एक शब्द गाळू नको."

आजूबाजूला पोरं भांडी घासत होती, कुणी दाढी करत होतं. मी बोललो. दोन आसत माका, इथपासून सगळं. प्रत्येक थांबण्याला दादा म्हणाला, "व्हय म्हाराजा." मोठ्याने, थोरल्याच्या आवाजात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दाढी करणाराही म्हणाला, तोंडाला फेस तसाच ठेवून.

आम्ही दोघेही पुढे धड घरी आलो, हे सांगून टाकतो. पण त्या दिवशी ते कुणाला माहीत होतं? संध्याकाळी माझ्या तुकडीची पाळी होती. आम्ही रांगेने बाहेर पडलो. मी कधी मागे बघत नसे, त्या दिवशी बघितलं. दादा दाराशी उभा होता, आणि तो इतका घाबरलेला होता की मला त्याचा चेहराच ओळखू येईना. तोवर मला वाटत होतं, घाबरट काय तो मी एकटाच.